पाणी जपणे : नित्य कर्म की नैमित्तिक?

अलीकडे निरूपण आटोपले की एक प्रश्न वारंवार पुढे येतो. विचारणारे बहुधा शिकलेसवरलेले तरुण असतात आणि त्यांच्या विचारण्यात कुचेष्टा नसते. ते म्हणतात, "महाराज, तुम्ही कीर्तनात सांगता की पाणी जपा, तांब्याभर पुरेल तिथे बादली ओतू नका. पण आता समुद्राचे खारे पाणी गोडे करणारी यंत्रे निघाली आहेत. समुद्र काही आटायचा नाही. आज ना उद्या तुटवडाच संपणार असेल तर ही काटकसर कशापायी? दुष्काळात ठीक आहे, सुकाळातही का?"

प्रश्न चांगला आहे. शास्त्राची रीत अशी की आधी पूर्वपक्ष मांडावा, आणि तोही असा मांडावा की समोरच्याने म्हणावे, 'होय, माझे म्हणणे हेच.' मग सिद्धान्ताकडे वळावे. त्याच रीतीने आम्ही हा विषय घेतो.

प्रथम प्रश्नाचे रूप पाहू. मीमांसक कर्माचे भाग पाडतात. रोजची संध्या हे नित्य कर्म. ती केली म्हणून कोणी शाबासकी देत नाही, टाकली तर मात्र दोष लागतो. ग्रहण लागले म्हणून स्नान करणे हे नैमित्तिक कर्म. ग्रहण हे त्याचे निमित्त. ग्रहण नाही तर ते स्नानही नाही. आणि अमुक फळ मिळावे म्हणून करतात ते काम्य. निमित्त सरले की नैमित्तिकही सरते, असा न्याय आहे. तेव्हा तरुणांच्या म्हणण्याचा अर्थ असा, की पाणी जपण्याला दुष्काळ हेच निमित्त असेल, तर यंत्राने दुष्काळ हटवल्यावर ते कर्म उरत नाही. ते नित्य असेल तर समुद्र उशाशी असला तरी उरते. वाद एवढाच आहे.

पूर्वपक्ष

पूर्वपक्षाला सर्वांत बळकट दृष्टान्त इस्रायल देशाचा. देश लहान, आणि निम्म्याहून अधिक भाग रुक्ष. दक्षिणेकडे नेगेव्हचे वाळवंट आहे. तेथे बहुतेक ठिकाणी वर्षाकाठी २०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. अगदी टोकाच्या एलात गावी तर साऱ्या वर्षात ३० मिलिमीटरच्या आसपास. आमच्या घाटमाथ्यावर आषाढातल्या एका तासाभराच्या सरीत एवढे पाणी पडून जाते.

या देशाशी आम्हां मराठी बोलणारांचा जुना धागा आहे. अलिबागच्या आसपास, कोकण किनाऱ्यावर, शेकडो वर्षे राहिलेले बेने इस्रायली लोक १९४८ नंतर मोठ्या संख्येने तिकडे गेले. अश्दोद, बिरशेबा, दिमोना, रामला अशा गावी त्यांची वस्ती झाली, आणि त्यांतल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून मराठी आहे. कीर्तनकार मंडळींनी तर हेही ध्यानात ठेवावे की एकोणिसाव्या शतकात या लोकांनी आमच्या कीर्तनाचा साज उचलला आणि आपल्या धर्मग्रंथातली आख्याने मराठीतून लावली. तेव्हा ही गोष्ट आमचा शेजार सोडून गेलेल्या आप्तांच्या गावची आहे असे समजून ऐकावी.

या देशात २००५ साली अश्केलोन येथे समुद्राचे पाणी गोडे करण्याचा मोठा कारखाना सुरू झाला. सरकारी भाषेत याला निःक्षारीकरण म्हणतात. पाठोपाठ पाल्माखीम, हदेरा, २०१३ साली सोरेक, २०१५ साली अश्दोद, असे कारखाने किनाऱ्याने उभे राहिले. एकट्या सोरेकच्या कारखान्यातून वर्षाला सुमारे १५ कोटी घनमीटर पाणी काढता येते. घनमीटर म्हणजे १००० लिटर. आज तिथल्या घरोघरच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा समुद्राचा असतो. ज्या वाळवंटात चाळीस वर्षे भटकल्याची कथा त्यांच्या ग्रंथात आहे, त्या वाळवंटात आज तोटी फिरवली की गोडे पाणी येते.

आपल्याकडेही वारे लागले आहे. चेन्नई शहरासाठी मिंजूर येथे २०१० साली आणि नेम्मेली येथे २०१३ साली, दिवसाला प्रत्येकी १० कोटी लिटरांचे कारखाने सुरू झाले. नेम्मेलीला २०२४ साली आणखी १५ कोटी लिटरांची भर पडली. मुंबईच्या महापालिकेने मनोरी येथे दिवसाला २० कोटी लिटरांची योजना आखली, आणि तिच्या अभ्यासासाठी २०२१ साली इस्रायलच्याच एका कंपनीशी करार केला.

पूर्वपक्षी म्हणतो, हे सारे डोळ्यांपुढे असता, ज्याला समुद्र आहे त्याने तांब्या का मोजावा?

यंत्राचे खरे रूप

यंत्राची निंदा करणे आमचे काम नव्हे. जे तहानलेल्याला पाणी पाजते त्याची निंदा करणाऱ्याने आधी एक दिवस तहानेने काढून पाहावा. शिवाय या विद्येत आमच्या देशाचाही वाटा आहे. खारे पाणी एका अत्यंत पातळ पडद्यावर मोठ्या दाबाने लोटायचे. पडदा पाणी पलीकडे जाऊ देतो, मीठ अलीकडे अडवतो. असा कामाचा पडदा अमेरिकेत १९६० च्या सुमारास सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन या दोघांनी तयार केला. त्यांतले सौरिराजन हे भारतात जन्मलेले. लोब पुढे इस्रायलात बिरशेब्याला जाऊन राहिले.

पण यंत्राचा हिशेब पुरता मांडावा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. ते अडवायला हवेच्या दाबाच्या साठ-सत्तर पट दाब लागतो. चांगल्यात चांगल्या कारखान्यात १ घनमीटर गोड्या पाण्यामागे ३ ते ४ युनिट वीज जाते. दोन घागरी खारे पाणी घेतले तर जवळजवळ एक घागर गोडे निघते, आणि दुसरी घागर दुप्पट खारट होऊन समुद्रात परत ओतावी लागते. ती नीट पसरून सोडली नाही तर तिथल्या मासळीला व शेवाळाला बाधते.

अगस्तीने समुद्र प्राशन केल्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. देवांचे काम झाले. मग देव म्हणाले, आता समुद्र परत भरून द्या. अगस्ती म्हणाले, तो तर पचला! पुढे भगीरथाने गंगा आणली तेव्हा कुठे समुद्र भरला. पिण्याला एक आचमन पुरले, भरण्याला एका कुळाच्या कित्येक पिढ्यांचे तप लागले. सामर्थ्याच्या प्रत्येक कामामागे असा उरलेला हिशेब असतो आणि तो कोणाला तरी चुकवावा लागतो.

दुसरी गोष्ट उंचीची. मुंबई-चेन्नई समुद्राला लागून आहेत. आमचे लातूर समुद्रसपाटीपासून ५०० मीटरांहून उंच. १ घनमीटर पाणी नुसते ५०० मीटर वर चढवायचे तर गणिताने सुमारे १.४ युनिट वीज लागते. पंपाची तूट आणि नळाची घासण धरली तर दोनाच्या घरात जाते. शेकडो किलोमीटर नळ टाकण्याचा खर्च वेगळाच. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले. पहिल्या खेपेला १० वाघिणींतून ५ लाख लिटर गेले, पुढे ५० वाघिणींतून एका खेपेला २५ लाख लिटर. तेव्हा ज्या माउल्या रात्री-अपरात्री घागरी घेऊन रांगेत उभ्या होत्या, त्यांना अरबी समुद्र किती मोठा आहे हे सांगून काय होणार होते? समुद्राचे पाणी समुद्रकाठच्याचे. मराठवाड्याच्या माळावर जे पडेल आणि मुरेल तेच मराठवाड्याचे.

आणि एक गंमत सांगतो. खारे पाणी गोडे करण्याचा सर्वांत जुना कारखाना कोणता? भगवान सूर्यनारायणाचा. तो समुद्राचे पाणी वर उचलतो, मीठ खालीच ठेवतो, ढगांच्या कावडीने ते डोंगरापलीकडे नेतो आणि आपल्या अंगणात ओततो. विजेचे बिल नाही, पंप नाही, खारट गाळ नाही. आपल्या विहिरीचा प्रत्येक थेंब असा एकदा गोडा करून, वर चढवून, घरपोच दिलेला समुद्रच आहे.

याचा हिशेब करून पाहा. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला तर १ लिटर पाणी होते. १००० हेक्टरांचे एक गाव घ्या. पाऊस धरा ५०० मिलिमीटर, म्हणजे दुष्काळी टापूतला. त्या गावशिवारावर वर्षात ५०० कोटी लिटर पाणी पडते. तेवढेच पाणी यंत्राने करायचे तर घनमीटरला साडेतीन युनिट धरून पावणेदोन कोटी युनिट वीज लागेल. एवढ्या मोलाची वस्तू पांडुरंग दर पावसाळ्यात आपल्या बांधावर ठेवून जातो आणि ती आपण ओढ्यातून वाहून जाऊ देतो. मग जानेवारीत टँकरची वाट पाहत बसतो! पाणी अडवून मुरवणे आणि समुद्राचे पाणी गोडे करणे यांत काय फरक असेल तर एवढाच, की पहिल्यात गोडे करण्याचे काम आधीच झालेले असते.

त्या देशाने आधी काय केले

आता इस्रायलच्याच दृष्टान्ताकडे परत जाऊ. दृष्टान्त अर्धा सांगणे हा कीर्तनातलाही दोष आहे.

त्या देशाने २००५ साली समुद्राला हात घातला. त्याआधीची पन्नास वर्षे पाहा. १९५९ साली त्यांनी कायदा केला की देशातले सारे पाणी लोकांचे. ज्याची जमीन त्याचे पाणी, ही समजूतच काढून टाकली. १९६४ साली उत्तरेच्या गालील सरोवराचे पाणी दक्षिणेकडे नेणारा मोठा कालवा-नळ पुरा केला. १९६५ साली हात्झेरीम नावाच्या वाळवंटातल्या वसाहतीत ठिबकच्या नळ्या करण्याचा उद्योग सुरू झाला. झाडाच्या मुळाशी थेंबाथेंबाने पाणी द्यायचे. आज आमच्या जळगाव-नाशिककडच्या बागांतून जे ठिबक दिसते ती पद्धत याच वाटेने जगभर गेली. घरांतून निघालेल्या सांडपाण्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक पाणी शुद्ध करून ते पुन्हा शेतीला देतात. एवढे सारे केल्यावरही पुरेना, तेव्हा समुद्र.

आणि समुद्राचे पाणी मिळू लागल्यावर तरी काटकसर सुटली काय? अश्केलोनचा कारखाना चालू असतानाच २००८-०९ च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. सरकारने चित्रवाणीवर जाहिराती लावल्या. त्यांत बोलता बोलता माणसाचा चेहरा उन्हाळ्यातल्या जमिनीसारखा भेगाळू लागे. लोकांनी हिरवळीला पाणी देणे कमी केले, घरातला वापर घटवला. पुढे आणखी कारखाने आले आणि लोक म्हणू लागले, आता काळजी मिटली. मग उत्तर भागात सलग काही वर्षे पाऊस रोडावला, आणि २०१८ साली तीच जाहिरात पुन्हा काढावी लागली. त्याच वर्षी असेही ठरले की समुद्राचे गोडे केलेले पाणी उलट गालीलच्या सरोवरात नेऊन सोडायचे. म्हणजे ज्या सरोवराने देशाला पाणी पाजले, त्यालाच आता यंत्राने पाणी पाजायचे. शिवाय यार्देन नदी क्षीण झाल्याने तिच्या टोकाचा मृत समुद्र वर्षाला सुमारे १ मीटर खाली जातो आहे, तो जातोच आहे.

यावरून काय दिसते? ज्याच्या हाती यंत्र आहे त्यानेही माप सोडले नाही, आणि सोडू पाहिले तेव्हा त्याला परत धरावे लागले. यंत्र हे त्या देशाला संयमाच्या शेवटी मिळालेले फळ आहे. आपले तरुण म्हणतात तसे संयमाच्या बदली मिळालेले नाही. साधनाशिवाय सिद्धी मागणाऱ्याला आपण भोंदू म्हणतो. पाण्याच्या बाबतीत मात्र आपण सारेच तशी सिद्धी मागत आहोत.

विहीर कोणासाठी भरली

येथे एक आख्यान आठवते. ज्ञानोबाराय आणि नामदेवराय तीर्थयात्रेत मारवाडच्या रुक्ष मुलखातून चालले होते. बिकानेरकडच्या कोलायतशी ही कथा जोडली जाते. दोघांना तहान लागली. विहीर सापडली, पण अतिखोल. पोहरा नाही, दोर नाही. माउलींनी योगसिद्धीने सूक्ष्म रूप धरले, आत उतरून पाणी प्याले, वर आले आणि नामदेवांना म्हणाले, 'तुमच्यासाठीही आणतो.' नामदेवराय म्हणाले, 'माझा विठ्ठल येथे नाही काय?' त्यांनी धावा केला, आणि विहीर तळापासून उचंबळून काठावरून वाहू लागली.

या कथेत माउलींचा कमीपणा पाहणारा अभागी. भक्ताचा महिमा जगाला दिसावा म्हणून त्या योगिराजाने ही लीला केली, असेच संतमत आहे. पण कथेतला भेद पाहण्याजोगा आहे. सिद्धीचे पाणी जो विहिरीत उतरू शकतो त्याला मिळते. भक्तीने विहीर उचंबळली तेव्हा काठावरच्या सर्वांना मिळाले. वाटसरू प्याले, गुरेढोरे प्याली, पाखरे प्याली.

आमच्या मते पाण्याचा धर्म या भेदात आहे. पाणी किती आहे हा अर्धा प्रश्न. ते कोणाकोणाला पोचते हा उरलेला अर्धा. यंत्र पहिल्याचे उत्तर देते. दुसऱ्याचे उत्तर यंत्रात नाही. ज्या प्रदेशात जगातले नामांकित कारखाने उभे आहेत, त्याच प्रदेशात पॅलेस्टिनी गावांतून लोक छपरावरच्या टाक्यांत आठवड्याचे पाणी साठवून दिवस काढतात, आणि २०२३ सालापासूनच्या युद्धात गाझातल्या लेकरांचे पिण्याच्या पाण्यावाचून झालेले हाल साऱ्या जगाने पाहिले. कोणाचे बरोबर, कोणाचे चूक हा राजकारणाचा वाद आमच्या अधिकाराबाहेरचा आहे. एवढे मात्र दिसते की भिंतीच्या एका बाजूला समुद्र गोडा झाला तरी दुसऱ्या बाजूची तहान तशीच राहू शकते. आणि दूर कशाला जायचे? आपल्याच शहरांत एका इमारतीच्या गच्चीवर पोहण्याचा हौद असतो आणि तिच्याच कुंपणाला लागलेल्या वस्तीत सार्वजनिक नळावर भांडणे होतात.

एकनाथ महाराजांनी रामेश्वराला वाहायची गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातली. त्या कावडीत पाणी किती होते? दोन घागरी. महाराजांनी पाणी वाढवले नाही, वाटले.

वाटण्याचा हा धर्म आपल्या वारीच्या वाटेवरच एका माणसाने गावगाड्यात आणून दाखवला. १९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचे अभियंते विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातल्या नायगावी आले. देवस्थानाची १६ हेक्टर पडीक जमीन त्यांनी कसायला घेतली, बांध घातले, पाणी मुरवले, आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम ऐका. पाण्याचा वाटा जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या संख्येने. ज्याला जमीन नाही त्यालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. आणि उसासारखे अधाशी पीक घ्यायचे नाही. माउलींची पालखी ज्या सासवड-जेजुरीच्या मुलखातून जाते तिथली ही गोष्ट. आपण तिथे मुक्काम करतो, झुणका-भाकर खातो, पुढे जातो. ही गोष्ट ऐकत मात्र नाही. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावानेही असेच केले. पाऊस किती पडला ते मोजायचे, गावाने बसून पाण्याचा जमाखर्च मांडायचा आणि मग कोणते पीक घ्यायचे ते ठरवायचे. शेतीसाठी खोल कूपनलिका घ्यायची नाही. प्रपंचाचा जमाखर्च सगळेच ठेवतात, या गावाने पाण्याचा ठेवला.

एका तांब्याने काय होते?

आणखी एक आक्षेप येतो, आणि तो खरोखरच जड आहे. "महाराज, देशात उपसलेल्या पाण्यातले दहापैकी आठ भाग शेतीला जातात. मग मी दात घासताना नळ बंद केला काय आणि न केला काय?"

हे खरे आहे. घरच्या तांब्याने धरण भरत नाही. ज्याला पाणी वाचवायचे आहे त्याने आधी उसाच्या पाटाकडे पाहावे. पाट फोडून रात्रभर शेत बुडवून ठेवणाऱ्या बागाइतदाराने सकाळी अंघोळीचे पाणी मोजले तर ती विटंबना होईल. माळकरी बागाइतदार आमच्या संप्रदायात पुष्कळ आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहितो. सावता महाराजांनी मळ्यातच विठ्ठल पाहिला. मळा हे ज्याचे देऊळ, त्याने पाण्याचे तीर्थ ओतून टाकू नये. ठिबक लावावे, पीक पाहून पाणी द्यावे, शेजाऱ्याच्या विहिरीचा झरा तोडेल इतके खोल जाऊ नये.

पण म्हणून तांब्याची किंमत शून्य होत नाही. ठिबकणाऱ्या तोटीतून सेकंदाला एक थेंब पडतो असे धरा. दिवसाचे ८६,४०० थेंब. २० थेंबांचा १ मिलिलिटर धरला तर सव्वाचार लिटरांहून अधिक पाणी. एका माणसाच्या दिवसभराच्या पिण्याला पुरून उरेल एवढे. यापेक्षाही मोठी गोष्ट मनाची आहे. जो थेंब पाहायला शिकला त्याला पाट दिसू लागतो. ज्याला थेंब दिसत नाही तो ग्रामसभेत पाण्याचा जमाखर्च मांडला तरी जांभया देईल. तुळशीमाळेचा एक मणी ओढून कोणी तरत नाही. पण ज्याने एकही मणी ओढला नाही त्याची माळ पुरी होत नाही.

सिद्धान्त

आता मूळ प्रश्न. नित्य की नैमित्तिक?

वारकरी मंडळींनो, एकादशीला तुम्ही उपवास करता तो घरात धान्य नसते म्हणून काय? कणगी भरलेली असते, तरी करता. उलट ज्याच्या घरी काहीच नाही त्याच्या उपाशी राहण्याला एकादशी म्हणत नाहीत, त्याला उपासमार म्हणतात, आणि ती घालवणे हे इतरांचे कर्तव्य ठरते. व्रताचा अर्थच असा, की असताना आवरणे. कोकणातल्या त्या बेने इस्रायली लोकांचा पिढीजात धंदा तेल गाळण्याचा. शनिवार हा त्यांचा देवाचा वार, म्हणून त्या दिवशी घाणा बंद. गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. शनिवारी तीळ संपत होते काय? बैल थकत होता काय? तीळ होते, बैल होता, गिऱ्हाईकही होते. तरी घाणा थांबे. त्या एका दिवसाने त्यांना आठवत राही की घाणा आपला असला तरी तेलाचा धनी वेगळा आहे.

पाणी जपण्याचे खरे कारण हेच आहे. पाणी आपण केले नाही. यंत्राने काढले तरी समुद्र आपण केला नाही. जी वस्तू दुसऱ्याची आणि आपल्या हाती विश्वासाने ठेवलेली, ती थोडी आहे म्हणून जपायची नसते. ठेव आहे म्हणून जपायची असते. सावकाराच्या तिजोरीत लाख असले म्हणून मुनिमाने दहा रुपये उधळले तर चालतात काय? त्या ठेवीत पुढच्या वाटसरूचा, पुढच्या पिढीचा, गाढवाचा आणि पाखराचाही वाटा आहे. हा ठेवीचा संबंध सुकाळात तुटत नाही आणि दुष्काळात नव्याने जुळत नाही. म्हणून पाणी जपणे हे नित्य कर्म होय. दुष्काळ आला की त्यात नैमित्तिकाची भर पडते. छावण्या, टँकर, आगगाड्या, समुद्राची यंत्रे, हे सारे त्या भरीत बसते. नैमित्तिक वाढले म्हणून नित्य सुटत नाही. ग्रहणाचे स्नान केले म्हणून त्या दिवशीची संध्या कोणी सोडत नाही.

यंत्राला आमची जागा अशी: ज्या शहराने गळके नळ बुजवले, सांडपाणी शुद्ध करून वापरले, पावसाचे पाणी मुरवले, आणि तरीही लेकरे तहानलेली राहिली, त्या शहराला समुद्राकडे जाण्याचा अधिकार आहे. तो अधिकार कमवावा लागतो. इस्रायलने पुष्कळ अंशी कमावला. आपण अजून कमवायचा आहे.

एक पथ्य मात्र सांभाळावे. हा उपदेश कोणाला करायचा याचा विवेक ठेवा. डोंगर उतरून दोन हंडे आणणाऱ्या बाईला पाणी जपायला शिकवू नका. ती जन्मभर हे व्रत करीत आली आहे. तिने आपल्याला शिकवावे. ज्या घरी दिवसरात्र नळ आहे, मोटार आहे, आणि मागे राबणारे दुसरे कोणी आहे, हा उपदेश त्या घरचा. ज्याच्याकडे आहे त्यालाच व्रताचा अधिकार.

वारीतले आचरण

आपल्या दिंडीत एक माउली डोईवर तुळस घेते आणि दुसरी पाण्याचा हंडा. सगळ्या दिंडीची तहान ती बाई डोक्यावर वाहते. तिच्याकडून पाणी मागून घेणारा वारकरी ओंजळीत मावेल एवढेच घेतो, कारण वजन कोणाच्या मानेवर आहे ते त्याला दिसत असते. आज पालखीमागे टँकर चालतात. टँकरला मान नसते, म्हणून तोटी उघडी राहते, अर्धी प्यालेली बाटली रस्त्याकडेला पडते आणि मुक्कामाच्या गावी चिखल होतो. ते टँकर ज्या विहिरींवर भरतात त्या बहुधा त्याच गावच्या असतात. आपण पुढे जातो. विहीर आणि गाव मागे राहते.

म्हणून येत्या वारीसाठी दिंडीप्रमुखांना आमची हात जोडून विनंती आहे. प्रत्येक वारकऱ्याने गळ्यात वीणा नसली तरी पिशवीत तांब्या ठेवावा. टँकरच्या तोटीशी दिंडीतला एक माणूस पाळीने उभा राहावा. नीरेत माउलींच्या पादुकांचे स्नान होते आणि चंद्रभागेत आपले. त्या पाण्यात साबण, जुनी वस्त्रे आणि पत्रावळी टाकू नयेत. आषाढीला भीमेत पाणी दिसावे म्हणून धरणातून पाणी सोडण्याची पाळी येते, तेव्हा ते कोणाच्या तरी पिकाच्या वाट्यातले आहे एवढे स्मरून बुडी मारावी. आणि घरी परतल्यावर प्रसादाच्या चुरमुऱ्यांबरोबर गावाला एक गोष्ट सांगावी, नायगावची.

पैठणला नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन भगवंताने बारा वर्षे कावडीने पाणी भरले असे आपण गातो. जगाला पाणी पाजणारा तो जगन्नाथ खांद्यावर कावड घेऊन गोदावरीच्या पायऱ्या चढला. पुराचे पाणी वाड्यात लोटणे त्याला अवघड नव्हते. तरी त्याने घागरीनेच भरले आणि रांजणापुरतेच भरले.

॥ रामकृष्णहरि ॥